२६०० आरपीएमवर तापणारं इंजिन: हेड उघडण्याआधी बादली घ्या

तुमची तक्रार मला समजली ती अशी. ३२ फुटी शिडाची बोट मुंबई बंदरात मुरिंगवर (तळाशी पक्क्या नांगरलेल्या बोयाला बांधून) असते. इंजिन यानमारचं, ३ सिलिंडरचं ३वायएम३०. २२०० आरपीएमपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलत नाही. २६०० च्या वर नेलं की पंधरा-वीस मिनिटांत काटा चढतो आणि भोंगा वाजतो. इम्पेलर (समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा घातला, कूलंट (इंजिनाच्या आत फिरणारं थंड करणारं द्रव) बदललं, मेकॅनिकने थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, तरी फरक पडला नाही. आता तो सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडायचं म्हणतोय, आणि उघडू द्यावं का, असं तुम्ही विचारताय.

उघडू देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेलं असतं तर इंजिनाने आणखी खुणा दाखवल्या असत्या. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच हेडर टाकीत (कूलंटच्या वरच्या टाकीत) बुडबुडे आले असते, कूलंटचे होज दाबून पाहिल्यावर दगडासारखे लागले असते, गळती कुठे दिसत नसतानाही कूलंट कमी होत गेलं असतं, आणि काही वेळा तेलाला दुधी रंग आला असता. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय ते एवढंच, की कमी रेसवर ठीक आणि जास्त रेसवर गरम. माझ्या मते निम्मं निदान या एका वाक्यातच आहे.

का, ते सांगतो. पंखा पाण्यात फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २२०० वरून ३००० वर गेलात तर फेरे वाढले १.३६ पट, पण इंजिनावरचा भार वाढला अडीच पट. तेवढं डिझेल जास्त जळलं, म्हणजे उष्णताही जवळपास तेवढीच जास्त झाली. समुद्राचं पाणी खेचणारा पंप मात्र इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे त्याचं पाणी वाढतं फक्त १.३६ पट. म्हणून थंड करणाऱ्या वाटेत कुठेही थोडासा अडथळा असला तरी कमी रेसवर तो लपून राहतो आणि रेस वाढवली की उघडा पडतो. पूर्ण बंद पडलेला पंप किंवा तुटलेला बेल्ट असता तर इंजिन १२०० वरही तापलं असतं. तुमचा दोष अर्धवट आहे. काहीतरी बुजत चाललंय, नाहीतर बोट इंजिनाकडून गरजेपेक्षा जास्त काम करून घेतेय. बऱ्याचदा दोन्ही असतं.

आकड्यांनी अंदाज घेऊ. २९ अश्वशक्ती म्हणजे साधारण २१ किलोवॅट. डिझेल इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ एक तृतीयांश भाग शाफ्टला मिळतो, तेवढाच एक्झॉस्टमधून जातो आणि बाकीचा मुख्यतः थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. पूर्ण भाराला तो २० किलोवॅट धरा. समुद्राचं पाणी मिनिटाला २० लिटर वाहत असेल तर ते एक्सचेंजरमधून (जिथे नळ्यांतलं समुद्राचं पाणी बाहेरच्या कूलंटची उष्णता घेतं) जाताना १५ अंशांनी तापेल. आपल्याकडे उन्हाळ्यात समुद्र ३० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बाहेर पडताना ४५. प्रवाह निम्मा झाला तर वाढ ३० अंशांची आणि पाणी ६० वर. एवढ्या तापमानाला खाऱ्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत बसू लागतात, त्याने वाट आणखी अरुंद होते, पाणी आणखी तापतं. इंग्लिश खाडीत उन्हाळ्यातही पाणी १७-१८ अंशांचं असतं, त्यामुळे तिथल्या बोटीला तेवढी सवलत आपोआप मिळते. आपल्याला ती नाही. तिकडचे लोक लिहितात की अमुक एवढं बुजलं तरी चालतं. मुंबईत ते धरून चालू नका.

आता बादली. एकाला डिंगीत (छोट्या होडीत) बसवा, १० लिटरची बादली एक्झॉस्टच्या तोंडाखाली धरायला सांगा, इंजिन न्यूट्रलमध्ये २००० वर ठेवा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. तीनदा मोजा, एका वेळच्या आकड्यावर विसंबू नका. मॅन्युअलमध्ये पंपाचा आकडा पूर्ण फेऱ्यांसाठीचा असतो, तो आरपीएमच्या प्रमाणात कमी करून ताडून पाहा. या आकाराच्या इंजिनाला २००० वर १० लिटरला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला, तर मी पुढचं काही न बघता आधी समुद्राच्या पाण्याची वाट उघडतो. "पाणी मारतंय की" असं नुसतं डोळ्यांनी बघून सांगणारे बरेच भेटतात. एक्झॉस्टचा वायू पाण्याला जोराने बाहेर फेकतो, त्यामुळे निम्मं पाणीही डोळ्यांना भरपूर वाटतं.

बादलीनंतर इन्फ्रारेड तापमापी. ती महाग नाही, बोटीवर एक असूच द्या. एक्सचेंजरमध्ये समुद्राचं पाणी शिरतं तिथे आणि बाहेर पडतं तिथे मोजा. होजच्या रबरावर मोजलं तर आतलं तापमान उशिरा कळतं, म्हणून धातूच्या तोटीवर मोजा. चकचकीत धातूवर ही तापमापी खोटं बोलते, तेव्हा तिथे आधी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. बोट चालवत २६०० वर काटा चढू लागला की दोन्ही आकडे घ्या. आत-बाहेरचा फरक मोठा असेल, २५-३० अंशांचा, तर पाणी कमी येतंय. फरक लहान असेल, बादलीही वेळेत भरत असेल आणि तरीही कूलंट तापत असेल, तर पाणी भरपूर आहे पण उष्णता नळ्यांच्या भिंतीतून त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे नळ्यांना आतून किंवा बाहेरून थर चढलाय, किंवा कूलंटच नीट फिरत नाहीये. तुमच्या मेकॅनिकने सुटे भाग बदलण्याआधी हे दोन आकडे घेतले असते तर तुमचे बरेच पैसे वाचले असते.

काटा खरा आहे का तेही याच तापमापीने कळेल. थर्मोस्टॅटच्या घराजवळ मोजा. काटा ९५ दाखवत असेल आणि धातू ८० असेल तर दोष सेन्सरचा किंवा अर्थिंगचा, इंजिन ठीक आहे.

समजा, पाणी कमी येतंय. मग बोटीच्या बुडापासून सुरुवात करा आणि पाण्याच्या वाटेने पुढे जा.

सी-कॉक (बुडातून पाणी आत घेणारा कॉक) बंद करा, त्याच्यावरचा होज काढा, लाकडी बूच हाताशी ठेवा आणि सी-कॉक उघडा. कारंजासारखं जोरात पाणी यायला हवं. सुस्त आलं तर बाहेरच्या जाळीत किंवा सी-कॉकच्या गळ्यात बार्नकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव) बसलेत. मुंबई बंदरातल्या कोमट पाण्यात बोट दोन-तीन आठवडे न हलता उभी राहिली तरी ते बसायला सुरुवात करतात, आणि गळ्याच्या आत रंग नसल्याने तिथे त्यांचं फावतं. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवताना बूड रंगवलेलं असतं, पण हा गळा कोणी रंगवत नाही. प्लास्टिकची पिशवी हा दुसरा नेहमीचा प्रकार. तिची खूण वेगळी: इंजिन चालू असताना पाणी कमी होतं, बंद केल्यावर पिशवी सुटून जाते आणि तपासताना काहीच सापडत नाही. तुमचा दोष दर वेळी येतो, म्हणून पिशवीवर माझा संशय कमी. बोटीला सेलड्राइव्ह (बुडातून खाली उतरणारा, पंखा फिरवणारा पाय) असेल तर पाणी त्याच्या पायातल्या बारीक फटींतून येतं, त्या पाण्यात उतरूनच साफ कराव्या लागतात.

मग स्ट्रेनर, म्हणजे पंपाआधीची कचरा अडवणारी गाळणी. जाळी साफ असेलच, पण झाकणाचं रबर पाहा. पंपाच्या आधीची सगळी वाट खेचणारी असते, तिथे फट असली की पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली कोरडं दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही. एका बोटीवर मी दोन दिवस याच्यामागे घालवले होते. आधीच्या माणसाने झाकणाला नवं रबर घालण्याऐवजी सीलंट फासलं होतं, आणि २४०० च्या वर तिथून हवा आत जात होती. शेवटी स्ट्रेनर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक पाइप लावला, तेव्हा बुडबुड्यांची माळ दिसली. तुम्हीही तपासणीपुरता तसा पाइप लावा, पंधरा मिनिटांचं काम आहे. खेचणाऱ्या बाजूचा जुना होज आतून सुटून पापुद्र्यासारखा वाटेत आडवा येतो किंवा जास्त रेसवर चिमटतो, तेही तेव्हाच दिसेल.

शिडाच्या बोटीचं एक खास दुखणं इथेच सांगतो. दुपारी खारा वारा भरला की आपण शीड उभं ठेवून सोबत इंजिनही चालवतो. बोट एका बाजूला कलते, आणि पाणी घ्यायचं तोंड वरच्या बाजूला असेल तर लाटेगणिक ते हवा घेतं. तुमचं इंजिन एकाच कलावर तापतं का, हे आठवून पाहा. तसं असेल तर बाकी काही तपासायच्या आधी शीड उतरवून, बोट सरळ ठेवून चाचणी घ्या.

इम्पेलर नवा आहे, असं तुम्ही म्हणता. जुना काढला तेव्हा त्याची सगळी पाती जागेवर होती का? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या तक्रारींचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. जुन्या इम्पेलरची दोन-तीन पाती तुटलेली असतात, माणूस नवा घालतो, पंप छान चालतो, आणि तुटलेले रबराचे तुकडे पुढे एक्सचेंजरच्या तोंडाशी किंवा होजच्या वळणात अडकून राहतात. ते पाणी पूर्ण अडवत नाहीत, आणि कमी रेसपुरतं पाणी त्यांच्या आजूबाजूने जातं. जुना इम्पेलर फेकला नसेल तर त्याची पाती मोजा. कमी असतील तेवढे तुकडे सापडेपर्यंत काम थांबवू नका. मांडव्याहून गेटवेकडे येताना तापलेल्या एका बोटीत मला असे चार तुकडे मिळाले, आणि त्यातले दोन त्या आधीच्या वर्षीच्या इम्पेलरचे होते, रबर वेगळ्या रंगाचं होतं.

पंपाचं झाकण आणि आतला कॅमही (इम्पेलरची पाती वाकवणारा उंचवटा) बघा. झाकणावर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर पाणी आतल्या आत परत फिरतं. बऱ्याच पंपांचं झाकण उलटं करून बसवता येतं, नवं येईपर्यंत तेवढं चालतं. आणखी एक चकवा: पाती सगळी शाबूत, पण रबर मधल्या पितळी बुशवरून सुटलेलं. हाताने बुश घट्ट धरून रबर पिळून पाहा. सरकलं तर तो इम्पेलर निकामी, मग तो कितीही नवा असो.

आता एक्सचेंजर. दोन्ही टोकं उघडा आणि टॉर्च मारून नळ्यांमधून आरपार बघा. मुंबई बंदरात, आणि करंजा-धरमतर खाडीच्या बाजूला तर जास्तच, पाण्यात बारीक गाळ असतो. बोट उभी असताना तो खालच्या नळ्यांत बसतो आणि वरून क्षारांचा थर येऊन पक्का होतो. अर्ध्या नळ्या बंद असलेले एक्सचेंजर मी पाहिलेत, आणि त्या बोटी २००० वर वर्षभर विनातक्रार चालत होत्या. नळ्यांचा गठ्ठा बाहेर काढता येत असेल तर काढा. नळीच्या मापाची लाकडी काडी घेऊन एकेक नळी साफ करा. लोखंडी सळई घालू नका, नळी पातळ असते, आणि एक जरी फुटली तरी खारं पाणी कूलंटमध्ये जाईल. काडीने न निघणारा थर फॉस्फोरिक आम्लाच्या सौम्य डिस्केलरने काढा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत. बुडबुडे थांबले की गोड्या पाण्याने भरपूर धुवा. ॲल्युमिनियमच्या घराला हे आम्ल लावू नका, ते धातूच खाईल. परत बसवताना रबरी रिंगा नव्याच घाला. तुमच्या एक्सचेंजरला झिंकचा ॲनोड (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) असेल तर त्याचे झिजून पडलेले तुकडेही आत शोधा, तेही वाट अडवतात.

त्याच्यापुढे एक्झॉस्ट एल्बो, जिथे समुद्राचं पाणी गरम वायूत मिसळतं. तिथे काजळी आणि मीठ मिळून कोळशासारखं घट्ट होतं. बोट मुरिंगवर ठेवून बॅटरी चार्ज करायला इंजिन तासन् तास कमी रेसवर चालवण्याची सवय असेल तर हे लवकर होतं. पाणी कमी होतंच, शिवाय वायूला वाट मिळत नसल्याने इंजिन गुदमरतं, काळा धूर येतो आणि आरपीएम चढत नाहीत. एल्बो काढा आणि आत हाताचं बोट घालून बघा. भोक निम्म्यावर आलं असेल तर साफ करा. भिंत कुठे पातळ झाली असेल, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर खचत असेल, तर सरळ नवा घ्या.

एवढं करून बादली वेळेत भरली तर दुसरी शक्यता, भाराची, बघा. बोट मोकळ्या पाण्यात नेऊन क्षणभर पूर्ण रेस द्या. या इंजिनाने ३६०० च्या जवळ जायला हवं. २९०० वर अडकून काळा धूर सोडत असेल तर पंख्यावर बार्नकल आहेत, बूड खराब आहे, दोर गुंडाळलाय, किंवा पंखा बोटीला जास्त पिचचा (पाती जास्त तिरपी असलेला) आहे. मुंबईच्या पाण्यात बुडी मारली तरी काही दिसत नाही, हाताने चाचपूनच कळतं. भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ साधा आणि जाड हातमोजे घाला, बार्नकलची धार चामडी कापते. माझा अनुभव असा, की पंख्याच्या पात्यांवर रुपयाच्या नाण्याएवढ्या थोड्याच गोष्टी चिकटलेल्या असल्या तरी बोट २०० ते ३०० आरपीएम हरवते.

कूलंटच्या बाजूचं थोडक्यात. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा, सैल असेल तर कूलंटचा पंप जास्त रेसवर घसरतो. कूलंट बदलल्यावर आत हवा अडकलेली असू शकते. इंजिन थंड असताना वरचा बोल्ट सैल करून हवा काढा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पातळी पुन्हा बघा. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही म्हणून नुसतं नळाचं पाणी भरणारे आहेत. तसं करू नका. कूलंट गंज थांबवतं आणि उकळण्याचं तापमानही वाढवतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हेडर टाकीच्या झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर दाब धरला जात नाही. १ बार जादा दाबाखाली पाणी १२० अंशांना उकळतं, दाब नसेल तर १०० लाच.

आणि थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्याने इंजिन थंड राहतं हा समज आपल्याकडे ट्रकच्या गॅरेजपासून ससून डॉकपर्यंत सगळीकडे आहे. बायपास (कूलंटची एक्सचेंजर टाळून जाणारी वाट) असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंदही करत असतो. तो नसला तर कूलंटचा काही भाग एक्सचेंजरकडे न जाताच फिरत राहतो, म्हणजे भाराखाली इंजिन उलट जास्त तापू शकतं. आणि कमी भाराला ते इतकं गार चालतं की डिझेल नीट जळत नाही आणि काजळी धरते. जुना तपासायचा असेल तर दोऱ्याने पाण्याच्या टोपात टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी थर्मामीटर ठेवून गॅसवर तापवा. या इंजिनाचा ७१ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि ८५ ला पूर्ण उघडतो. समुद्राच्या पाण्यानेच थेट थंड होणाऱ्या जुन्या २जीएम२० सारख्या इंजिनांचा ४२ ला उघडतो, कारण तिथे क्षार बसू द्यायचे नसतात. दुकानात त्या दोघांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे, म्हणून अंगावर कोरलेला आकडा वाचून घ्या.

हे सगळं होईपर्यंत बोट बाहेर नेणारच असाल तर २२०० च्या वर जाऊ नका, आणि निघतानाच नांगर मोकळा आणि शीड चढवायला तयार ठेवा. पहाटेचा मतलई वारा पडल्यावर आणि खारा वारा सुरू होण्याआधीचे दोन-तीन तास बोट इंजिनाच्याच भरवशावर असते, नेमकं तेव्हा जहाजांच्या चॅनलमध्ये भोंगा वाजायला नको. वाजलाच तर आधी रेस कमी करा, न्यूट्रलला घ्या आणि मागे वाकून एक्झॉस्ट पाहा. पाणी येत असेल तर इंजिन तसंच आयडलवर चार-पाच मिनिटं चालू द्या, आतली उष्णता निघून जाते. पाणी येत नसेल, नुसती वाफ किंवा जळक्या रबराचा वास असेल, तर ताबडतोब बंद करा, नाहीतर एक्झॉस्टचा होज आणि वॉटर-लॉक (एक्झॉस्टच्या वाटेतलं पाणी धरणारं भांडं) वितळतील. कूलंट सगळं गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडून काटा उलट खाली येतो. म्हणून "तापला होता, आता आपोआप उतरला" असं दिसलं तर खूश होऊ नका, हेडर टाकी बघा. पण झाकण हाताला सहज धरता येईल एवढं गार झाल्यावरच, आणि वर फडकं टाकून. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका.

बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करताना एक काळजी. स्टार्टर फिरत राहतो, इंजिन लागत नाही, आणि तेवढ्या वेळात पंप वॉटर-लॉकमध्ये समुद्राचं पाणी भरत राहतो. बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा वायू नसतो, आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये शिरतं. दोनदा-तीनदा प्रयत्न करून लागलं नाही तर सी-कॉक बंद करून मगच स्टार्टर मारा, आणि इंजिन लागताक्षणी उघडा. सी-कॉक बंद असताना इंजिनाची चावी त्याच्या दांड्याला अडकवून ठेवायची सवय लावा, मग उघडायचं विसरणार नाही.

शनिवारी सकाळी बादली आणि तापमापी, दुपारी जुन्या इम्पेलरची पाती मोजून एक्सचेंजरची दोन्ही टोकं उघडणं, एवढं करा. दुरुस्तीनंतर बादलीचे सेकंद पुन्हा मोजा आणि तारखेसकट इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.